मोझेसचा खांब आणि कारभारीची माळ

नगरच्या ख्रिश्चन आळीतला मोझेस म्हणजे बिनतारी खात्याचा शिडीवाला. पाच वर्षं त्यानं दुसऱ्यांसाठी शिड्या धरल्या, केबलची वेटोळी वाहिली आणि मिस्त्री लोक काय करतात ते गुपचूप डोळ्यांत साठवलं. बहात्तरच्या दुष्काळानं कोरडं ठणठणीत केलेलं श्रीगोंद्याकडचं एक धरण त्र्याहत्तरला भरलं. पाण्याची खबर रोज नगरला कळवायची तर तार-टेलिफोन अकरा मैलांवर. म्हणून तिथं बोलायचा सेट बसवायचं ठरलं. मिस्त्री आजारी, तेव्हा साहेबांनी मोझेसलाच धाडलं. म्हणाले, परवा बाराच्या ठोक्याला मी येतो. सेट बोलला तर तू मिस्त्री, नाही बोलला तर शिडी आहेच तुझी.

मोझेसनं बायकोला, कृपाला, निघताना एवढंच सांगितलं की दोन दिवस लागतील. मिस्त्रीपणाचं तोंडातून काढलं नाही. घास ओठांशी असताना बोलू नये, अशी त्याची रीत.

धरणाच्या दारांवरचा माणूस कारभारी. गडी रांगडा, पण कामाला वाघ. दोघांनी मिळून चौकीशेजारी लोखंडी नळाचा खांब उभा केला, चार बाजूंनी तारांचे ताण ओढले, टोकाला एरियलची दांडी बसवली. ती दांडी नळाला कुठंही टेकता कामा नये, म्हणून मधे चिनी मातीचा पांढरा खडा होता. सायंकाळी मोझेसनं कळ दाबून नगरला हाक दिली, तर पलीकडून खणखणीत उत्तर. कारभारीनं सेटला हात जोडले. मोझेस त्या रात्री घोंगडीवर असा झोपला की कोंबडं आरवलेलंही त्याला कळलं नाही.

सकाळ उजाडली ती खंडेनवमीची. मोझेस नदीवर आंघोळीला गेला आणि परत येऊन बघतो तर दारांच्या चाकांना हळदकुंकू, पान्यांना झेंडूची फुलं, सेटवर कुंकवाचं बोट, आणि दांडीच्या शेंड्यापासून खाली नळापर्यंत झेंडूची लांबलचक माळ. शोभा मोठी झाली होती. मोझेसलाही बरं वाटलं.

अकराला त्यानं नगरला हाक दिली. नुसती खरखर. बॅटरी बघितली, चांगली. माईक बदलला, तेच. केबल दोन्हीकडून सोडून तपासली, तिच्यात काही खोट नाही. म्हणजे बिघाड वर, दांडी आणि नळ कुठंतरी जुळतायत. पण पांढरा खडा तर शाबूत दिसत होता. माळेकडं त्याची नजर चारदा गेली आणि चारदा परत आली. फुलांनी काय होणार?

पाचव्यांदा बघितलं तेव्हा वारा सुटला, दोन फुलं गळली आणि उन्हात काहीतरी चमकलं.

"कारभारी, ही माळ कशात ओवलीय?"

"तारंत. वर वारा लई, दोरा टिकत न्हाई," कारभारी कौतुकानं म्हणाला.

दांडी आणि नळ जोडत होती ती हीच तार. उपाय कळला, पण तो करायचा कसा? खंडेनवमीला पुजलेलं हत्यार दसरा होईपर्यंत हलवत नाहीत, हे नगरात वाढलेल्याला सांगायला नको. त्यातून तो ख्रिस्ती. दुसऱ्याच्या पूजेला हात लावायचा जीव होईना. शेवटी त्यानं खरं ते सांगितलं, तारेमुळं आवाज दांडीतून बाहेर पडत नाही. कारभारी अडला. पुजलेलं उतरवू कसं म्हणाला.

चुलीपाशी राहीबाई, कारभारीची कारभारीण, पुरण वाटत होती. हात न थांबवता ती म्हणाली, "लेकीची ओटी भरावी, तिचं तोंड बांधू न्हाई. चढा वर."

कारभारी शिडी चढला. आपणच बांधलेली माळ आपल्या हातानं सोडली, खाली येऊन फुलं एकेक करून दोऱ्यात ओवली आणि हात पोहोचेल एवढ्या उंचीवर नळाला बांधली. जीपचा धुरळा तेव्हा बांधावर दिसू लागला होता. मोझेसनं कळ दाबली. नगरला हाक दिली. मग पलीकडून आवाज आला, "नगर बोलतंय. स्वच्छ ऐकू येतंय, बोला." मोझेसनं डोळे मिटले आणि पाण्याची पातळी सांगितली, चार आकडे, एकही न चुकता.

साहेबांनी दारातून सगळं ऐकलं होतं. विचारलं, जीपमधल्या सेटवर कान लावून होतो, सकाळी अकराची हाक का आली नाही? मोझेस म्हणाला, वरचा एक सांधा ढिला होता, नीट केला. कारभारीला ते पटलं नाही. "सांधा त्यांचा न्हाई, साहेब. तारंची माळ मी घातलती. त्यांनी मला सोडवू दिली, वढून काढली न्हाई."

साहेबांनी वही काढली. तिच्यात लिहिलं: सेट चालू, बसवणारा मिस्त्री मोझेस. मोझेसनं ती ओळ उलटीकडूनच वाचली, आणि मग ओटीवर बसून इतका वेळ हसला की राहीबाईनं त्याला आधी पाणी दिलं आणि मागून ताट.