शेठजींच्या देवघरातला साष्टांग नमस्कार

पुण्यातल्या एका संग्रहालयात मला मज्जाव वगैरे काही नाही. फक्त 'पुन्हा येणार असाल तर आधी फोन करा', एवढंच तिथल्या व्यवस्थापकांनी सांगून ठेवलं आहे.

ते संग्रहालय म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या एका कापूस व्यापारी शेठजींचं घर. वंशजांनी ते सामानासकट जपायला देऊन टाकलं. बाबा गेल्यावर आईला मी यवतमाळहून खराडीच्या फ्लॅटवर आणलं होतं. तिने देवापुढे दिवा लावणं सोडलं होतं. "त्याच्याशी बोलायले माझ्याजवळ काही नाही," एवढंच म्हणायची. तिचं ते गप्प बसणं मला सहन होईना, म्हणून एका रविवारी तिला हे घर दाखवायला नेलं. (आम्हा आयटीवाल्यांना दुःखावर सहल हा एकच इलाज सुचतो!)

दिवाणखाना, झुंबरं, शेठजींची पगडी... आई सगळीकडून मुकाट चालली. माडीवर देवघर होतं. समोर आडवी दोरी, 'हात लावू नये' अशी पाटी आणि आत धुळीने काळवंडलेले पितळेचे देव.

आई थांबली. "काऊन रे, घरातला माणूस गेला म्हणून देवाले असं टाकून देतात काय?"

बोलली आणि स्वतःच चपापली. तिच्या मनात काय आलं ते मला कळलं. मी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवेपर्यंत बाई दोरीखालून आत! पदराने बाळकृष्ण पुसायला सुरुवातसुद्धा झाली होती.

"अहो आजी! पाटी दिसत नाही का?" व्यवस्थापक धावत आले.

"दिसते ना. तुम्हाले धूळ नाही दिसत?"

(पुण्यात नवी होती हो, तरी ही तयारी!)

मागे लोक जमले. आजी आत गेल्या म्हणजे दर्शन सुरू झालं, असं समजून एका कुटुंबाने चपला काढल्या. मग सगळ्यांनीच काढल्या.

"अहो, हे संग्रहालय आहे, देऊळ नाही!" व्यवस्थापक ओरडले.

"मग चपला कुठे ठेवायच्या?" रांगेतून प्रश्न आला. (हो, तोवर रांगही लागली होती.)

व्यवस्थापक माझ्याकडे वळले. "आपल्याच मातोश्री ना? बाहेर आणा त्यांना."

मी रुबाबात दोरी ओलांडायला गेलो. पाय अडकला, दोरीचे खांब धडाधड आडवे झाले आणि मी देवांसमोर सपशेल पालथा! मागच्या एका काकांना ही इथली पद्धतच वाटली. तेही माझ्या शेजारी आडवे झाले.

मग आई हसली. बाबा गेल्यापासून पहिल्यांदा. तोंडाला पदर, डोळ्यांत पाणी, आणि हसू काही थांबेना. मला तिथून उठावंसंच वाटत नव्हतं.

व्यवस्थापक तिच्याकडे बघत राहिले. मग कपाटातून स्वच्छ फडकं काढून त्यांनी तिच्या हातात दिलं. "पदर खराब करू नका. आणि पुसताच आहात तर अन्नपूर्णाही पुसून घ्या." आवाज तेवढाच कोरडा होता.

त्या संध्याकाळी आमच्या फ्लॅटवर देवापुढे दिवा लागला. मी दारात हात जोडून उभा, अगदी गहिवरून. आईने डोळे मिटले आणि चांगलं मोठ्याने म्हणाली, "देवा, माणूस नेला तो नेला. आता याले तरी नीट चालायले शिकव."