अडीच सेंटिमीटरने हुकलेलं कार्ड

माझा पाय मोडला तो सोलापुरात सात रस्त्याजवळ, उभ्या स्कूटरवरून पडून. ‘उभ्या’ हा शब्द मी सांगताना सहसा गाळतो. शाळेत विचारलं तेव्हा ‘अपघात झाला’ एवढंच म्हणालो आणि चेहरा गंभीर ठेवला. खरी गोष्ट अशी, की स्कूटर रस्त्याच्या कडेला स्टँडवर लावून मी तिच्यावर बसून उसाचा रस पीत होतो. स्टँड नीट लागलं नव्हतं. ग्लास मात्र शेवटपर्यंत हातात होता, असं रसवाला नंतर कौतुकाने सांगत होता म्हणे.

सहा आठवडे प्लास्टर. मी हायस्कूलमध्ये भूगोल शिकवतो. बायको दवाखान्यात नर्स आहे. सकाळी ड्युटीला जाताना ती माझ्या पायाखाली उशा रचायची, उशाशी पाण्याची बाटली आणि मोबाइल ठेवायची आणि बजावायची, “उठायचं नाही. काही लागलं तर फोन करा, मी येणार नाहीच, पण करा.”

पहिला आठवडा मी बातम्या बघितल्या. दुसऱ्या आठवड्यात मोबाइलवर एक व्हिडिओ आपसूक सुरू झाला. त्यात माणूस दिसत नव्हता, नुसते त्याचे दोन हात. ते हात एका रिकाम्या डब्यात एकेक भाग बसवत होते. प्रोसेसर अलगद खाचेत बसला. मेमरीच्या पट्ट्या ‘टक’ करून बसल्या. शेवटी काच लावली, बटण दाबलं आणि आत निळे-जांभळे दिवे लागले. तो गेम खेळायचा कॉम्प्युटर होता, एकेक भाग स्वतः निवडून जोडलेला. मी तो व्हिडिओ लागोपाठ तीनदा बघितला. मग तसलेच आणखी किती बघितले ते सांगत नाही.

आता मी गेम खेळणारा माणूस नव्हे. कॉलेजात असताना मित्रांबरोबर व्हिडिओ गेमच्या दुकानात जायचो, पण मागे उभा राहून बघायचो. माझी पाळी आली की मला हमखास काहीतरी काम आठवायचं. आपण कसे खेळतो हे मागे उभे असलेले बघतील, ही भीती. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, प्लास्टरात, घरी एकटा असताना मला वाटलं, आता मागे कोण उभं आहे?

मी बायकोकडून दोनशे पानी वही मागवली. प्रत्येक भागाला वेगळा विभाग केला. प्रोसेसर, मदरबोर्ड, मेमरी, ग्राफिक्स कार्ड, वीजपुरवठा करणारा एसएमपीएस, कूलर आणि हे सगळं ज्यात बसवायचं ते कॅबिनेट. रंगीत पेनांनी तक्ते आखले. प्रत्येक भागातला सर्वांत उत्तम कोणता, ते शोधून त्याभोवती चौकट काढली. संध्याकाळी बायको आली की तिला समजावून सांगायचो.

“प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू.”

“एक आहे की तुमच्याकडे,” ती पायाची सूज बघत म्हणाली. “तो वापरून झाला का?”

किंमत मी तिला सांगितली तेव्हा ती कुकर लावायला गेली. शिट्ट्या झाल्यावर बाहेर येऊन म्हणाली, “घ्या. निदान घरात बसूनच पडाल.” ती संमतीच होती असं मी धरून चाललो.

प्लास्टर निघाल्यावर काठी टेकत मी सात रस्त्याजवळच्या एका दुकानात गेलो. कॉम्प्युटर जोडून देणारं छोटं दुकान. काउंटरवर तिशीतली एक बाई स्क्रूड्रायव्हरने जुना प्रिंटर खोलत होती. मी इकडेतिकडे बघितलं आणि विचारलं, “मालक कुठे आहेत?”

“बोला की.”

“नाही, मालकांशीच बोलायचं होतं. जरा तांत्रिक काम आहे.”

तिने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. “मीच की मालक.”

मुलांना मी दरवर्षी समानतेवर व्याख्यान देतो. ते आठवून कानाच्या पाळ्या गरम झाल्या. ती भवानी पेठेतल्या विणकर घरातली. वडिलांचे माग विकल्यावर तिने हे दुकान टाकलं होतं. घरून फोन आला की ती तेलुगूत बोलायची आणि फोन ठेवला की त्याच दमात आमच्या सोलापुरी मराठीत.

मी वही उघडून तिच्यापुढे ठेवली. तिने पानं उलटली. अक्षर छान आहे म्हणाली. मग तिने विचारलं, “कोणता गेम खेळणार, सर?”

दोनशे पानी वहीत या प्रश्नाला एकही पान नव्हतं.

“सगळेच,” मी म्हणालो.

“सगळेच म्हणजे? आजवर कोणता खेळलाय?”

“मोबाइलवर पत्ते.”

ती हसली नाही, हे तिचं मोठेपण. म्हणाली, “सर, आधी गेम ठरवा. मग कार्ड ठरतंय, कार्डावरून बाकीचं ठरतंय. तुम्ही वाजंत्री बोलावून बसलाव, नवरी कुटाय?”

मी तिला ऐकवलं की मी पूर्ण अभ्यास केलेला आहे. मला पाण्याने थंड होणारा लिक्विड कूलर पाहिजे होता, व्हिडिओत असतो तसा, पुढे पंख्यांची लांब जाळी आणि दोन नळ्या.

“उन्हाळ्यात आपल्याकडं पाणी बी गरमच हुतंय की,” ती म्हणाली. “साधा मोठा पंख्याचा कूलर घ्या. बिघडला तर पंखा बदलू. आणि काचेचं पांढरं कॅबिनेट घेऊ नका. आमच्या पेठेत तर टॉवेलाचा भुगा उडतो, तुमच्याकडं धूळ. आठ दिवसांत राखेचा डबा दिसंल.”

“कूलर तोच पाहिजे, आणि कॅबिनेटची काळजी करू नका,” मी म्हणालो, “ते मी आधीच मागवलंय.”

हे खरं होतं. सेल लागला होता, वेळ संपत चालल्याचं घड्याळ स्क्रीनवर पळत होतं आणि मी घाबरून बटण दाबलं होतं. पांढरं, दोन बाजूंनी काच असलेलं. ते पलंगाखाली होतं. त्याचं खोकं बायकोने रद्दीवाल्याला देऊन टाकलं होतं, कारण खोक्याला अडखळून मी पुन्हा पडेन असं तिला वाटत होतं. ते चुकीचं होतं असं मी म्हणू शकत नाही.

“मापं बघितलाव ना? हे कार्ड लई लांब येतंय.”

“मॅडम, मी भूगोलाचा शिक्षक आहे. नकाशाची प्रमाणं शिकवतो.”

“मग झालं तर,” ती म्हणाली.

ग्राफिक्स कार्ड पुण्याहून यायला दोन आठवडे लागले. ठरल्या दिवशी मी रिक्षात कॅबिनेट मांडीवर घेऊन, नवरदेवासारखा, दुकानात पोचलो. इस्त्रीचा शर्ट घातला होता, का कोणास ठाऊक. तिने टेबल पुसलं आणि कामाला लागली. प्रोसेसर खाचेत बसला. मेमरीच्या पट्ट्यांनी ‘टक’ आवाज दिला, तेव्हा माझ्या अंगावर शहारा आला. मग पुढच्या बाजूला कूलरची लांब जाळी, तिच्यावर पंखे. शेवटी तिने कार्ड दोन्ही हातांत धरून आत घातलं.

ते बसेना.

तिने काढून पुन्हा घातलं. कार्डाचं टोक पंख्यांवर टेकत होतं आणि मागची बाजू खाचेच्या बाहेर राहत होती. तिने पट्टी काढली. कॅबिनेटमध्ये आतली जागा छत्तीस सेंटिमीटर. कार्ड साडेतेहेतीस. हे दोन्ही आकडे माझ्या वहीत हिरव्या पेनाने लिहिलेले होते, शेजारी ‘बसते’ असा शेराही होता. फक्त पुढची जाळी आणि पंखे मिळून पाच सेंटिमीटर खातात, ते वजा करायचं राहिलं होतं. अडीच सेंटिमीटर कमी पडत होते.

प्रिंटरची शाई घ्यायला आलेले एक गृहस्थ केव्हाचे आमच्या मागे उभे होते. ते म्हणाले, “वाईच तिरकं घालून बगा की.”

मग मीच विचारलं, “तिरकं जाईल का?”

“न्हाय, सर.”

“वरच्या बाजूला जाळी लावली तर?”

“तितं बोर्डाला अडतंय.”

“कॅबिनेट परत...”

“खोकं आहे का?”

मी काठीकडे बघितलं. आठवीच्या वर्गात एका मुलीने प्रमाण चुकवून सोलापूर ते अक्कलकोट अंतर चारशे किलोमीटर काढलं होतं, तेव्हा मी तो पेपर वर्गाला वाचून दाखवला होता. सगळे हसले होते, मीही. दुकानात त्या मुलीचा चेहरा डोळ्यांपुढे आला आणि मला खरंच वाईट वाटलं.

दुकानाची मालकीण आत गेली आणि एक खोकं घेऊन आली. मोठ्या पंख्याचा साधा कूलर. “पहिल्या दिवशीच बाजूला ठेवला होता,” ती म्हणाली. “तुमची जाळी मी खपवते, काळजी करू नका.” तिच्या बोलण्यात ‘मी सांगत होते’ असा स्वर कुठेही नव्हता. तो असता तर मला सोपं गेलं असतं.

तासाभरात सगळं बसलं. बटण दाबल्यावर दिवे लागले. शाईवाले गृहस्थ अजून तिथेच होते, त्यांनी टाळी वाजवली.

घरी आल्यावर सगळ्यात गाजलेला, बंदूक घेऊन धावण्याचा गेम मी टाकला. धूळ, ऊन, भिंतीवरची सावली इतकी खरी, की मी खुर्चीत मागे सरकलो. माणूस पळायला लागला. जग डावीकडे वळलं, उजवीकडे वळलं. पाचव्या मिनिटाला कपाळाला घाम फुटला. दहाव्या मिनिटाला मी न्हाणीघरात होतो आणि दुपारचं पिठलं बाहेर येत होतं.

बायकोने दारात उभं राहून विचारलं, “गोळी लागली का?”

“गरगरतंय.”

तिने नाडी बघितली आणि बसमध्ये उलटी होणाऱ्यांना देतात ती गोळी दिली. दुसऱ्या दिवशी गोळी आधी घेऊन बसलो. वीस मिनिटं टिकलो, पण त्यातली दहा झोपेत गेली. शत्रूने मला झोपेतच मारलं. तिसऱ्या दिवशी मी यंत्रावर टॉवेल झाकला. धूळ बसू नये म्हणून, असं बायकोला सांगितलं.

आठवड्याने धीर करून दुकानात गेलो आणि सगळं सांगून टाकलं. या वेळी ती पोट धरून हसली. मग खुर्ची पुढे ओढून म्हणाली, “आता सांगा, तुम्हाला काय आवडतंय? गेमचं न्हाय विचारत. असंच, काय आवडतंय?”

नकाशे आवडतात, म्हणालो. जमीन, माती, ओढे. सावकाश काहीतरी.

तिने एका शेतीच्या गेमचं नाव लिहून दिलं. “कॅमेरा वर ठेवा, गरगरणार न्हाय.” आणि मग अपराधी चेहऱ्याने म्हणाली, “पण सर, ह्याला तुमच्या निम्म्याच्या निम्मी मशीन बी पुरली असती.”

त्या रविवारी सासरे आले. ते कुंभारी गावचे, अजून स्वतः शेत बघतात. मी त्यांना मामा म्हणतो. आमच्या लग्नाला बावीस वर्षं झाली, आणि या बावीस वर्षांत आमचं बोलणं ‘कवा आलाव?’ आणि ‘चहा घेतला का?’ यापुढे गेलेलं नव्हतं. मास्तर माणसाशी काय बोलायचं हा त्यांचा प्रश्न, आणि त्यांच्याशी काय बोलायचं हा माझा. मी आपला स्क्रीनवर ट्रॅक्टर चालवत होतो. ते मागे येऊन उभे राहिले. माझे हात तिथल्या तिथे थांबले. कॉलेजातल्यासारखं काहीतरी काम आठवून उठावं असं वाटलं.

“ही कुणाची जमीन?” त्यांनी विचारलं.

“माझीच, मामा. गेममधली.”

“बांद कुटाय?”

बांध नव्हता. “मग शेजाऱ्याला कळतंय कसं? दगड न्हाय, येडी बाबळ न्हाय, असलं रान कुटं असतंय?” मी ट्रॅक्टर वळवला. “आवं जावईबापू, नांगर उचला की आदी! मोडंल!” त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला होता, ते त्यांनाही कळलं नसावं.

मी नांगर उचलला. त्यांनी स्टूल ओढलं. काय पेरायचं विचारल्यावर म्हणाले, “जोंधळा पेरा.” यादीत ज्वारी निघाली.

“मालदांडी हाय का?”

ज्वारीची जात लिहिलेली नव्हती. पेरली. पीक वर आल्यावर त्यांनी स्क्रीनला नाक लावलं. “गुडघाभर बी न्हाय की. कडबा किती निघंल हिचा? जनावरानं काय खायाचं?” बायको चहा घेऊन आली ती ट्रे हातात धरून दारातच थांबली. तिच्या वडिलांना इतकं बोलताना तिनेही फारसं पाहिलं नसावं. चहा निवला. मामा मला माझ्याच शेतात आडवं नांगरल्याबद्दल दोनदा रागावले, आणि मी दोन्ही वेळा “व्हय, मामा” म्हणालो.

संध्याकाळच्या गाडीने ते गावी गेले. बुधवारी बायकोचा फोन वाजला. ती बोलली, मग गोंधळून फोन माझ्यापुढे धरला. “बाबांना तुमच्याशी बोलायचंय.”

लग्नापासून असं कधी झालं नव्हतं. मी फोन घेऊन उभाच राहिलो.

“जावईबापू, काढणी कवा धरताय?”

“रविवारी म्हणतोय.”

“मग मी येतो,” ते म्हणाले. “तवर एकट्यानं काय बी करू नका.”