काल उकडलेली अंडी आणि आजची संकष्टी

मंडळी, आज सकाळी नुसता घाम फुटला होता मला!

आमच्या भिवंडीत सकाळीच लाईट जाते, मिक्सर बंद. त्यात कशेळीच्या पुलावर ट्रॅफिक लागायच्या आत ह्यांना निघायचं असतं, मुलांची शाळा, माझी बँक. म्हणून मी आदल्या संध्याकाळीच अंडी उकडून, कांदा-टोमॅटोच्या मसाल्यात घोळवून ठेवते. सकाळी गरम करून चपातीत गुंडाळली की झाला नाश्ता.

आज डबा उघडला आणि कॅलेंडरकडे लक्ष गेलं. संकष्टी! आमच्याकडे संकष्टीला अंडं शिजत नाही. दुसरं काही करायला वेळच नव्हता. तेवढ्यात सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"आई, विसरलेच हो मी."

त्यांनी डब्यात डोकावलं. "कधी केलीस?"

"काल."

"मग आज कुठं शिजली? गरम नको करू, तशीच घाल चपातीत. उपास माझा हाय, पोरांचा न्हाय."

हुश्श! सगळे खाऊन वेळेवर निघाले.

मी चपला घालत होते, तर आतून आवाज आला, "पुढच्या संकष्टीलापन आदल्या दिवशीच करून ठेव गं!"

आमच्याकडे नियम ज्यांचा, पळवाटही त्यांनीच काढली. तुमच्याकडे कोण काढतं?