पुढच्या सीटचं काम

जालन्याहून राजूरला जाणाऱ्या जीपमध्ये मी पुढं बसलो, तसा ड्रायव्हरनं स्वतःचा मोबाइल माझ्या मांडीवर ठेवला.

"पुढं बसंल त्यानं फोन घ्यायचा. बोलता बोलता एकदा गाडी लिंबाच्या झाडावर घातल्ती," वाकडं झालेलं नाक चोळत तो म्हणाला. "झाडाला काहीच न्हाई झालं."

तो रस्त्यावरची नजर न हलवता सांगायचा आणि मी बोलायचो. त्याच्या मेव्हण्याला मी झापलं.

"असं मऊ न्हाई, जोरात!"

मग एका बोकडाचा सौदा मोडला. शेवटी त्याच्या बायकोचा फोन आला.

"ते गाडी चालवताहेत. काही निरोप?"

"न्हाई. परक्याचा आवाज आला की बरं वाटतं. हे स्वतः बोलले, की काळजात धस्स होतं."