वाऱ्याने आणलेली माती

आबा कुठेही उभे राहिले की त्यांच्या उजव्या बुटाचं टोक आपोआप जमीन उकरायला लागायचं. बोलणं चालू असायचं, चेहरा समोरच्या माणसाकडे असायचा आणि खाली पाय आपलं काम करत राहायचा. आयर्लंडमधल्या मेनूथच्या सुपरमार्केटबाहेर आम्ही दोन-दोन मीटर अंतर ठेवून रांगेत उभे असायचो, तर तिथल्या गवतातही त्यांनी चांगला खळगा केला होता. "काही नाही, खाली कोण राहतं ते पाहत होतो," असं म्हणून ते पुढे सरकायचे.

आबा म्हणजे माझ्या शेजारच्या मुग्धाचे वडील. मूळचे वर्धेकडचे; नोकरी सगळी मृदा सर्वेक्षणात, नागपुरात. बायको जाऊन चार वर्षं झाली होती, म्हणून लेकीच्या बाळंतपणाला तेच आले. दोन हजार वीसच्या फेब्रुवारीत उतरले, ते तीन महिन्यांसाठी. मग जग बंद झालं आणि आबा इथेच राहिले. मी तेव्हा एकटी राहत होते, संगणकाच्या चिप बनवणाऱ्या कारखान्यात काम करत होते आणि तीन-चार दिवस सलग सुट्टी आली की घराच्या भिंतींशी बोलायच्या बेताला यायची. मुग्धाच्या मांडीवर नवी मुलगी, तिचा नवरा दिवसभर लॅपटॉपसमोर. आबांना फिरायला नेण्याचं काम आपसूक माझ्याकडे आलं.

घरापासून दोन किलोमीटर, त्यापलीकडे जायचं नाही असा नियम होता. कालव्याची वाट त्यात बसत होती. त्या वर्षी आयर्लंडला न शोभणारं ऊन पडलं होतं. आकाशात एकही विमान नाही, रस्त्यावर गाड्या नाहीत, पाण्यावर हंस सरकतायत, आणि पलीकडच्या काठावरून कुणी हात केला तर तोही स्वप्नातल्यासारखा वाटायचा. आबा माझ्या दोन मीटर पुढे चालायचे आणि मागे न बघता बोलायचे. त्यामुळे त्यांचा आवाज माझ्यापर्यंत वाऱ्यावरूनच यायचा.

आणि बोलायचे तेही वाऱ्याबद्दलच. तरुणपणी शिष्यवृत्तीवर ते दोन वर्षं अमेरिकेत होते. उन्हाळ्याच्या महिन्यांत नेब्रास्कातल्या शेतांमधून मातीचे नकाशे बनवायचे. "तिथली माती तिथली नव्हेच, केतकी," ते म्हणायचे. "बर्फाच्या लाद्या वितळल्या, नद्यांना पूर आले. पूर ओसरले की पात्रात गाळ उघडा पडायचा, आणि वारा तो उचलायचा. जड वाळू तिथेच राहिली. हलकी, पिठासारखी धूळ लांब जाऊन बसली. वर्षानुवर्षं. नदीजवळ जाड, लांब गेलं की पातळ. तिला लोएस म्हणतात." मग त्या धुळीवर माणसापेक्षा उंच गवत कसं आलं, त्याची मुळं पुरुषभर खाली कशी गेली, दरवर्षी ती मेली आणि नवी आली, आणि अशा हजारो वर्षांच्या मरण्याने ती धूळ कशी काळी, भुसभुशीत झाली, हे ते सांगायचे. सांगताना चाल मंदावायची. "चाकूनं कापावी अशी माती. खड्डा केला तर भिंत सरळ उभी राहते. आणि वाळली तरी दगड होत नाही. हातात घेतली तर केकसारखी फुटते." कालव्याच्या काठची उंच हिरवी गवतं मला तेव्हा हलताना दिसायची आणि आपण नेमके कोणत्या देशात चाललोय हे क्षणभर कळायचं नाही.

आमच्या समोर ब्रीजिट नावाची एकटी आजी राहायची. तिने बटाट्यासाठी वाफा खणायला काढला आणि पहिल्या कुदळीपासून दगडच दगड. आबा कुंपणाच्या अलीकडून तिला समजावू लागले की ही माती बर्फाने फरफटत आणलेली आहे, त्यामुळे सामानात दगड येणारच. पण नेब्रास्कात आपण आख्खा उन्हाळा खणलं आणि सुपारीएवढाही खडा लागला नाही, असंही त्यांनी सांगितलं. ब्रीजिट उभी राहिली, कमरेवर हात ठेवला आणि म्हणाली, "गो अवे!" आबांचा चेहरा उतरला. "सॉरी, मॅडम," म्हणत ते खरंच मागे वळून चालू लागले. इथे त्याचा अर्थ 'काय सांगता!' असा होतो हे मी त्यांना सांगेपर्यंत ते घराच्या दारात पोहोचले होते. पुढे मात्र तो शब्द त्यांना इतका आवडला की बाळाने पहिल्यांदा कूस बदलली तेव्हा तेही तिला म्हणाले, "गो अवे!"

मातीला नाव देणं ही त्यांच्या लेखी फार जबाबदारीची गोष्ट होती. सहा पायऱ्यांचं नाव असतं, असं ते सांगायचे. सगळ्यात वर मोठं घराणं. या गवताळ मातीच्या घराण्याचं नाव मॉलिसॉल, म्हणजे मऊ. मग पाऊस किती, ओल किती टिकते, खालच्या थरात चिकणमाती उतरून बसली आहे का, चुना किती खोल गेला आहे, असं विचारत विचारत एकेक पायरी उतरायचं. "आणि शेवटचं नाव कुठल्यातरी गावाचं. जिथे ती पहिल्यांदा नीट पाहिली त्या गावाचं. एवढं शास्त्र करून शेवटी गावावर येतो माणूस." मी एकदा म्हटलं, आपली विदर्भातली काळी मातीही याच घराण्यातली असेल. आबा थांबले, वळले. "काहून? काळी आहे म्हणून? आपली उन्हाळ्यात फाटते, पावसाळ्यात फुगते, वरचं खाली घेते. तिचं घराणंच निराळं. रंगावरून नातं जोडू नये, पोरी." त्या दिवशी परत येताना त्यांनी माझ्याशी जरा कमी बोलणंच पसंत केलं.

जुलैमध्ये पाऊस लागला. मुग्धाच्या घरामागच्या काचेच्या खोलीत आम्ही चहा घेत होतो. मुग्धा आत बाळाला झोपवत होती. काचेवर गारा वाजल्या आणि आबांनी कप खाली ठेवला.

"अशाच गारा येणार होत्या," ते म्हणाले. "मी एकटा होतो गाडीत. शेवटची टेकडी राहिली होती. उतरायचं, गिरमिट घालायचं, माथ्यावरचा काळा थर किती जाड आहे ते मोजायचं. वीतभर असेल तरच ती त्या घराण्यात बसते. माथ्यावरची माती वाहून जाते ना. पण आभाळ बघून मी उतरलोच नाही. गाडीत बसून रेघ मारली. सगळी टेकडी उत्तम माती म्हणून दाखवली."

"मग? एक टेकडी, आबा."

"त्या नकाशावर विसंबून कुणी माथ्यापर्यंत नांगर घातला असेल. दरवर्षी घातला असेल. त्याला कुणी सांगितलं? मी." ते काचेकडे वळले. "मुग्धाच्या आईलासुद्धा सांगितलं नाही हे."

मी लॅपटॉप उघडला. ते नकाशे आता सगळ्यांना पाहता येतात हे त्यांना माहीत होतं. इतकी वर्षं त्यांनी पाहिले नव्हते, एवढंच. परगण्याचं नाव त्यांनी हळू आवाजात सांगितलं. नदीचं वळण सापडलं, चर्चचा चौक सापडला, मग त्यांचं बोट पडद्यावर सरकत एका ठिकाणी थांबलं. टेकडीच्या माथ्याभोवती वेगळी रेघ होती आणि आत वेगळ्या मातीचं नाव होतं.

"कोणीतरी उतरलं," आबा म्हणाले. त्यांचा आवाज मला नीट ओळखता आला नाही. सुटल्यासारखाही वाटला आणि पकडल्यासारखाही.

तिथल्या कार्यालयाला पत्र लिहायचं त्यांनीच ठरवलं. इंग्रजी मजकूर त्यांचा, टायपिंग माझं. कुठेही सारवासारव नव्हती: मी त्या टेकडीवर उतरलो नव्हतो, तरी रेघ मारली. ती कुणी दुरुस्त केली आणि तोवर किती नुकसान झालं, हे कळलं तर आभारी राहीन. पुढचे दहा-बारा दिवस ते फिरायलाही आले नाहीत.

उत्तर आलं ते एका बाईचं. तिने आबांना ओळखणं शक्यच नव्हतं. काही वर्षांपूर्वी तिनेच ती टेकडी पायी तपासली होती. आबांनी मला पत्र मराठीत वाचून दाखवायला सांगितलं. इंग्रजी त्यांना माझ्यापेक्षा चांगलं येत होतं, तरी मी वाचायला लागले. काळा थर माथ्यावर चार बोटं उरला होता, असं तिने लिहिलं होतं. तुमच्या वेळी किती होता हे आता कुणीच सांगू शकणार नाही. पण त्या शेतकऱ्याने माथ्यावर कधीच नांगर घातला नव्हता. त्याच्या मुलाने तिला सांगितलं होतं की वडिलांना तिथली माती फिकी दिसली, म्हणून त्यांनी ती गवताला सोडून दिली. उताराच्या पायथ्याशी तुम्ही केलेल्या खड्ड्याचं वर्णन मात्र आम्ही अजून वापरतो; त्यावर तुमचं नाव चुकीचं लिहिलेलं आहे, ते आता दुरुस्त करते.

"म्हणजे त्या गड्यानं माझा नकाशा मानलाच नाही!" आबा हसायला लागले. हसता हसता त्यांनी चष्मा काढला, डोळ्यांवर पंचा धरला आणि तसेच बसून राहिले. मुग्धा बाळाला घेऊन दारात आली. काय झालं, असं तिने खुणेने विचारलं. "काही नाही," मी म्हटलं, "अमेरिकेहून पत्र आलंय." मग आबांनीच तिला जवळ बसवून सगळं पहिल्यापासून सांगितलं.

त्या आठवड्यात मी कारखान्यात माझ्या साहेबांकडे गेले. एका यंत्राची रोजची तपासणी पाच जागी करायची असते. आकडे कायम सारखेच येतात म्हणून मी कित्येक महिने तीनच जागी करून बाकीचे दोन आकडे अंदाजाने भरत होते. ते मी त्यांना सांगितलं. शिक्षा झाली, बढती लांबली. पाचही जागा पुन्हा तपासल्या तेव्हा चौथी किंचित बिघडलेली निघाली. ही गोष्ट मी आबांना कधी सांगितली नाही. आता वाटतं, सांगायला हवी होती.

नोव्हेंबरात त्यांना विमान मिळालं. विमानतळावर आत जायची परवानगी नव्हती, म्हणून मुग्धाने गाडी बाहेरच उभी केली. मास्कमुळे चेहरा अर्धाच दिसत होता. नातीच्या पायाला त्यांनी कपाळ टेकवलं, मला म्हणाले, "फिरत राहा. नियमातलं अंतर वाढलं की पुढं जा." आणि काचेच्या दारातून आत गेले. परत येताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धुकं होतं आणि त्यात गाई अर्ध्या बुडाल्यासारख्या उभ्या होत्या.

एकवीसच्या मे महिन्यात आबा गेले. झोपेतच, गावाच्या घरी. मुग्धाला जाता आलं नाही. त्यांच्या उशाशी एक कागद निघाला: अस्थी नदीत सोडू नयेत. आपल्या शेतात धुऱ्याच्या बांधाजवळ कमरेइतका खड्डा करून ठेवाव्यात. खड्डा करणारच आहात, तर थरांची नोंद घ्यावी. त्या शेताची कुणी घेतलेली नाही.

मुग्धाचा चुलतभाऊ सुधाकर शेत बघतो. त्याने खड्डा केला आणि फोन लावला. इकडे सकाळ होती, तिकडे टळटळीत दुपार. मुग्धाने फोन टेबलावर उभा केला आणि मी वही घेतली. सुधाकर आत उतरला. मुग्धा विचारत होती, तो सांगत होता, मी लिहीत होते. वर काळी, ढेकळं मोठी, भेगा हातभर खाली गेलेल्या. त्याखाली ढेकळांच्या बाजू चकचकीत, घासल्यासारख्या. मुळं कापसाची, अजून खाली कडुनिंबाची. मग पांढरे चुन्याचे खडे, आधी थोडे, मग बरेच. टेप धरून तो प्रत्येक थर मोजत होता आणि मुग्धाच्या डोळ्यांतून पाणी वाहत असतानाही तिचा आवाज कुठे अडखळला नाही.

"झालं, दादा," शेवटी ती म्हणाली. "आता ठेव त्यांना."

सुधाकरने कापडात बांधलेला तांब्या दोन्ही हातांनी खाली घेतला, पण ठेवला नाही. तो खड्ड्याच्या भिंतीकडे बघत होता. "वीस वर्षं वाहून रायलो हे वावर," तो म्हणाला, "पण इतकं खाली म्या कधी पाह्यलंच नव्हतं." मग तांब्या त्याने काठावर सावलीत अलगद टेकवला आणि कुदळ पुन्हा हातात घेतली.

"ताई, आणखी हातभर खाली जाऊ का?"