मामांचं लॉन आणि लव्हाळा

माझे मामा जन्मभर एक्स-रे काढत होते. इस्पितळाच्या तळघरात, खिडकी नसलेल्या खोलीत. "श्वास घ्या, धरा, हलू नका... सोडा," एवढंच दिवसभर बोलायचं. घरीही तीच सवय. मामीने भांडायला तोंड उघडलं की मामा शांतपणे म्हणायचे, "हलू नकोस." मग भांडण दुप्पट चालायचं.

त्या तळघरात त्यांनी एकच स्वप्न पाहिलं. निवृत्त झालं की स्वतःच्या हिरवळीवर उताणं पडायचं आणि आभाळ बघायचं. लोक देवाकडे बंगले मागतात, गाड्या मागतात. मामांनी गवत मागितलं. देवाने दिलंही, वर लव्हाळा फुकट दिला.

घरासमोर चार खाटा मावतील एवढं लॉन. लव्हाळा हे त्यातलं तण, पण दिसायला गवतच, म्हणून तर लबाड. त्याची दांडी बोटांत फिरवली की तीन कडा लागतात, आणि लॉन कापलं की दोन दिवसांत हा सगळ्यांच्या वर मान काढतो. मामा प्रत्येक पात उजेडासमोर धरून, एक डोळा मिटून तपासायचे.

"काय म्हणतोय रिपोर्ट?" मामी स्वयंपाकघरातून विचारायची.

"लव्हाळाच," मामा अशा आवाजात सांगायचे, की शेजाऱ्यांनी फळं घेऊन भेटायला यावं.

मग उपटणं. पात हातात यायची, गाठ मातीतच राहायची, आणि ती गाठ चिडून आणखी अंकुर वर पाठवायची. लॉनवर पाय ठेवायला सगळ्यांना बंदी; जायचंच तर गवतावर टाकलेल्या लाकडी फळीवरून. मी राहते पलीकडच्याच गल्लीत. एकदा चप्पल काढून एक पाऊल टाकलं, तर "फळीवरून! फळीवरून!" असे ओरडले, की मला वाटलं साप निघाला. ते स्वतःही फळीवर गुडघे टेकूनच बसायचे. आणि ते उताणं पडायचं? "आधी साफ होऊ दे," म्हणायचे. वर्षं गेली, मामांची पाठ काही त्या गवताला लागली नाही.

शेवटी त्यांनी तणनाशक आणलं. रोगापेक्षा इलाज भयंकर म्हणतात, ते हेच. फाटकाजवळच्या तणावर फवारलं, इतक्यात मामीने चहाला हाक मारली. आणि एरवी फळीशिवाय न हलणारा माणूस चहाच्या ओढीने ओल्या बुटांनी लॉन तुडवत गेला. आठवड्याने हिरवळीवर पिवळी पावलं उमटली, फाटकापासून थेट स्वयंपाकघराच्या दारापर्यंत. मामांनी आधी माझ्याकडे बघितलं. मामीने त्यांचा बूट आणून एका पावलावर ठेवला. चपखल बसला. दोन पावलांच्या मधे लव्हाळा मजेत उभा होता.

"बास झालं," मामी म्हणाली. "गुडघे गेले तुमचे. रोजचा चहा गार होतो. आणि मला दिसते ती नुसती तुमची पाठ! उद्या गवंडी येतोय. फरशी घालून टाकू."

मामांनी पावलावरचा बूट उचलून घेतला. "हलू नकोस" सुद्धा म्हणाले नाहीत. मला फार वाईट वाटलं. जन्मभर तळघराच्या फरशीवर उभ्या राहिलेल्या माणसाच्या दारात पुन्हा फरशीच येणार होती.

दुसऱ्या दिवशी गवंडी आला. टेप लावून चारी बाजू मोजल्या आणि खाली वाकून बघितलं.

"काकू, हा लव्हाळा ना? आधीच सांगून ठेवतो. फरशीच्या सांध्यांतून वर येतो हा. मग उपटताही येत नाही. माझ्याच दारात आलाय."

मामांचा चेहरा असा उजळला, जणू लव्हाळा त्यांचा मुलगा आणि वर्गात पहिला आला.

मामी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "म्हणजे हा मेला आपल्या दोघांनाही पोचवून इथेच राहणार."

गवंड्याला चहा पाजून तिने वाटेला लावलं. मग आली, लॉनवरची फळी उचलली आणि भिंतीला उभी केली.

"अहो, आडवे व्हा."

"कुठे?"

"इथे. आणखी कुठे?"

"अगं, पण अजून साफ नाही—"

"साफ व्हायची वाट बघितलीत, तर चौघांनी उचलूनच आडवं करावं लागेल. झोपा म्हणते ना!"

मामांनी बूट काढले. स्वतःचीच पिवळी पावलं चुकवत मधोमध गेले आणि हळूच उताणे पडले. मामी शेजारी बसली. मामा आभाळाकडे बघत राहिले आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते त्यांनी पुसलंही नाही.

पण जित्याची खोड कुठे जाते? थोड्या वेळाने त्यांचा उजवा हात गुपचूप सरकायला लागला. कानाजवळच एक लव्हाळा मान काढून उभा होता.

"श्वास घ्या," मामी म्हणाली.

मामांनी घेतला.

"धरा. हलू नका."

हात जागच्या जागी थांबला. आणि "सोडा" म्हणायला मामीने चांगला वेळ लावला.