बर्गनच्या धक्क्यावर सोडलेला नारळ

एकसष्ट-बासष्ट साल असेल. आमचे मालवाहू जहाज नॉर्वेतल्या बर्गन बंदराला लागले. माल उतरवायला उशीर होणार होता, म्हणून आम्हाला एक दिवस शहर बघायची सुट्टी मिळाली. मी सातवीतच शाळा सोडलेला. हा देश नकाशात कुठे असतो तेही मला ठाऊक नव्हते.

सोबतीला आमचा भंडारी होता. जहाजावरच्या स्वयंपाक्याला आम्ही भंडारी म्हणायचो. हा आमच्याच कोकणातल्या आरोंदा गावचा, वयाने माझ्या बापाएवढा, आणि पूर्वी एकदा इथे येऊन गेलेला. धक्क्यावर पाय ठेवताच म्हणाला, "आज आपण खलाशी न्हय. आज आपण फिराक इलेले सायब. हात खिशात घाल, मान वर कर."

पण माझ्या काखेत कापडी पिशवी होती आणि पिशवीत नारळ. मुंबई सोडताना मी भंडाऱ्याला विनवले होते म्हणून त्याने एक नारळ कांद्याच्या पोत्यामागे जपून ठेवला होता. त्या दिवशी नारळी पौर्णिमा होती.

आमच्याकडे दर्याला नारळ दिल्याशिवाय होडी पाण्यात जात नाही. वडिलांची नजर गेल्यापासून घरचा नारळ मीच सोडत आलो. आता मी परदेशी, आणि त्या हंगामात धाकटा भाऊ पहिल्यांदाच स्वतः होडी घेऊन बाहेर पडणार होता. सतरा वर्षांचा पोर. निघताना आई म्हणाली होती, "घरचो नारळ तुझ्या हातचो. जंय असशीत थंय सोड, झिला. दर्यो एकच." तेव्हापासून माझ्या मनात दुसरे काही नव्हते. नारळ चुकला आणि भावाला काही झाले तर?

"आदी फिरान घेवया," भंडारी म्हणाला. "दर्यो खंय पळान जाता?"

पाऊस भुरभुरत होता. बंदराच्या कडेने लाकडी घरांची रांग होती, तांबडी, पिवळी, पांढरी, शेकडो वर्षांची. काही इतकी कललेली, की शेजारच्या घराच्या खांद्यावर डोके टेकून झोपल्यासारखी. मधल्या बोळांतून जमिनीलाही फळ्याच, आणि चालताना त्या पायाखाली कुरकुरत. लाकडाला डांबराचा वास होता. भंडारी सांगत होता, की इथे पूर्वी सुक्या मासळीची मोठी वखार होती.

"बघ, सुक्या मासळेवर केवढी घरां उभी रवली! आमच्यो आवशी सुके बांगडे विकून म्हाताऱ्यो झाल्यो, आमचा खंय उभा रवला?"

पुढे मासळीबाजार. तिथे भंडारी थबकलाच. कोणी ओरडत नव्हते, कोणी कोणाची आई-बहीण काढत नव्हते. "भांडणाशिवाय ह्यांची मासळी खपता कशी रे?" तो खरोखर काळजीने म्हणाला. मला हसू आले, पण पिशवी मी घट्ट धरून होतो.

शेवटी धक्क्याच्या एका कोपऱ्यात मी बूट काढले. नारळाला भंडाऱ्याने पुडीत आणलेली हळद लावली, मनात भावाचे नाव घेतले आणि ओणवा होऊन नारळ पाण्यात सोडला. हात जोडून डोळे मिटले.

डोळे उघडतो तो समोर एक छोटी होडी. होडीत लोकरी टोपी घातलेला एक गोरा म्हातारा. माझ्या हातून काहीतरी पडले असे समजून त्याने लांब काठीच्या जाळीने नारळ अलगद बाहेर काढला, स्वतःच्या बाहीला पुसला आणि हसत माझ्यासमोर धरला. छत्री घेऊन उभ्या असलेल्या एका बाईने तर टाळ्या वाजवल्या.

भंडारी पोट धरून हसत होता. माझे तोंड बघितले तसा जवळ आला.

"दर्यान परत केल्यान," मी म्हणालो. "आता काय करू?"

"रडतंस कित्याक? परत सोड."

"सोडलेलो परत कसो सोडू?"

म्हातारा हात पुढे करून तसाच उभा, त्याच्या बोटांवर हळद लागलेली. त्याच्या होडीत जाळी होती, आमिषाचा डबा होता. तो मासेमारीलाच निघाला होता.

मी नारळ घेतला नाही. त्याच्याच हातात तो दोन्ही हातांनी दाबला, बंदराच्या तोंडाकडे, बाहेरच्या समुद्राकडे बोट दाखवले आणि पाया पडावे तसा वाकलो. म्हातारा गोंधळला. नारळ कानाशी नेऊन हलवला, आतले पाणी ऐकून लहान पोरासारखा खुलला. मग त्याने तो होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, दोराच्या वेटोळ्यात नीट बसवला, टोपीला हात लावला आणि निघाला. होडी बंदराबाहेर वळेपर्यंत मी अनवाणी उभा होतो. भंडाऱ्याने खाली बसून माझे बूट पुढे सरकवले. "घाल. पाय गारठले तुझे."

पुढच्या वर्षी घरी गेलो. भाऊच ओटीवर जाळे विणत बसला होता. रात्री जेवताना मी सगळे सांगितले.

"म्हणजे माझो नारळ गोऱ्या म्हाताऱ्यान खाल्ल्यान!" भाऊ ओरडला.

"खाऊंदे," आई म्हणाली. "त्या वयात थंडीत एकटो जाता बिचारो."

भावाच्या तळहातांवर दोराचे नवे घट्टे पडले होते. तो घास तोंडात ठेवून बोलत होता, वादळाच्या, तुटलेल्या जाळ्याच्या, पकडलेल्या सुरमईच्या बढाया मारत होता. मी त्याला एकदाही गप्प जेव म्हटले नाही.